कुणी तपासलंच नव्हतं

आमच्या आजोळी, टोकावड्याला, 'सोनोग्राफी' हा शब्द आता अगदी घरचा झालाय. सुनेला दिवस गेले की सासूचा पहिला प्रश्न असतो, "सोनोग्राफी कधी हाय?" पण त्याच सासूला विचारा, की तुमच्या स्वतःच्या गर्भाशयाची, छातीची तपासणी कधी कुणी केली आहे का? ती हसते, पदर तोंडाला लावते आणि म्हणते, "आमचं आता काय तपासायचं?"

एकाच गावात एक तपासणी इतकी सवयीची आणि दुसरी इतकी अनोळखी कशी, हा प्रश्न बरीच वर्षं माझ्या डोक्यात घोळतोय. यंत्रं महाग म्हणून? डॉक्टर नाहीत म्हणून? बायका लाजतात म्हणून? अधूनमधून वाचत गेले, टिपणं काढत गेले, आणि जे हाती लागलं ते इथे मांडते आहे. मी डॉक्टर नाही. चुकलं असेल तर जाणकारांनी जरूर सांगावं.

ज्यांना टोकावडे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडा भूगोल. कल्याणहून नगरकडे जाणारा रस्ता धरला की मुरबाड लागतं, मग सरळगाव, मग टोकावडे. पुढे वैशाखरे, मोरोशी आणि माळशेज घाट. पावसाळ्यात धबधबे बघायला जाणाऱ्या गाड्या आमच्या गावातूनच जातात, बहुतेक न थांबता! आजूबाजूला ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांच्या वाड्या. गावात ग्रामीण रुग्णालय आहे. पण जरा काही मोठं निघालं की मुरबाड, उल्हासनगर, ठाणे आणि शेवटी मुंबई, ही वाट ठरलेली.

या वाटेच्या सुरुवातीला जे कल्याण आहे, तिथूनच ही गोष्ट सुरू करायला हवी. आनंदीबाई जोशी कल्याणच्या. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, आणि ते बाळ दहा दिवसांत गेलं. एवढं आपण शाळेत वाचलेलं असतं. पण २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरला (बंगालमधल्या, आपल्या नगरच्या नव्हे) त्यांनी जे भाषण केलं, त्यातला मुद्दा फारसा कुणाला आठवत नाही. आपण अमेरिकेला का जातो, हे सांगताना त्या म्हणाल्या होत्या, की या देशात बायकांना तपासायला बायका नाहीत, आणि पुरुष डॉक्टरपुढे दुखणं उघड करायला बाई धजत नाही. म्हणजे औषध नाही ही तक्रार नंतरची. आधीची तक्रार अशी, की बाईचं दुखणं कुणी पाहतच नाही. १८८६ साली त्या फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयानं पुण्यात गेल्या, बावीस वर्षंही पूर्ण नव्हती. त्यांनी परत येऊन एकही रुग्ण तपासला नाही. मुंबईत मात्र १८८६ मध्ये कामा हॉस्पिटल उघडलं, खास बायका आणि मुलांसाठी, आणि तिथे एडिथ पीची या इंग्रज डॉक्टरबाई काम बघत होत्या. मुंबईतल्या बायकांची सोय झाली. माळशेजच्या पायथ्याशी काय झालं? काही नाही. सुईण होती, तीच होती.

आता जरा लांब, स्कॉटलंडला जाऊ. कारण सोनोग्राफीची गोष्ट तिथली आहे, आणि मला ती वाचून खरंच आश्चर्य वाटलं.

ग्लासगो हे जहाजं आणि बॉयलर बांधणारं शहर. लोखंडाच्या पत्र्यात, सांध्यात आत कुठे भेग राहिली आहे का, हे बघायला तिथे एक यंत्र वापरत. माणसाच्या कानाला ऐकू न येणारा आवाज आत सोडायचा आणि तो कुठे आपटून परत येतो ते बघायचं. इयान डोनाल्ड नावाच्या स्त्रीरोगतज्ज्ञाला वाटलं, हेच पोटावर करून पाहिलं तर? १९५५ साली हे गृहस्थ शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी गाडीत घालून बॉयलरच्या कारखान्यात गेले आणि त्या यंत्राखाली धरून पाहिल्या. पाण्याची गाठ आणि भरीव गाठ वेगळी दिसली! पुढे त्यांच्याकडे एक बाई आल्या. जठराचा कॅन्सर आहे, आता काही करता येणार नाही, असं त्यांना सांगून झालं होतं. डोनाल्ड यांनी पोटावर यंत्र फिरवलं तर आत पाण्यानं भरलेली गाठ दिसली. ती अंडाशयाची होती. शस्त्रक्रिया करून काढली आणि बाई बऱ्या झाल्या. हे सगळं जून १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं.

म्हणजे बघा, हे तंत्र नावारूपाला आलं ते बाळ दाखवण्यासाठी नाही. एका बाईचा स्वतःचा आजार दाखवून, तिला मरणाच्या दारातून परत आणून ते उभं राहिलं.

आपल्याकडे ते कसं आलं, हे सांगायला नकोच. आधी, सत्तरीच्या शेवटी आणि ऐंशीच्या दशकात, गर्भजल परीक्षा आली, मुलगा की मुलगी बघायला. मुंबईतल्या स्त्री संघटनांनी आणि काही डॉक्टरांनी तिच्याविरुद्ध मंच उभारला, मोर्चे काढले, आणि १९८८ साली महाराष्ट्रानं गर्भलिंगनिदानावर बंधन घालणारा कायदा केला. देशातला पहिला! केंद्राचा कायदा १९९४ चा, तो अमलात आला १९९६ पासून. पण तोवर सोनोग्राफीची यंत्रं तालुक्यापर्यंत पोचली होती. 'सेहत' आणि 'मासूम' या महाराष्ट्रातल्याच संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज २००० साली सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा कुठे अंमलबजावणी हलली आणि २००३ मध्ये कायदा कडक झाला. दरम्यान काय झालं ते जनगणना सांगते. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुली १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४.

आज प्रत्येक सोनोग्राफी केंद्राबाहेर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' असा फलक असतो, कायद्यानं तो लावावाच लागतो. मी तो वाचते तेव्हा नेहमी ग्लासगोच्या त्या बाई आठवतात. यंत्र तेच. पण बाईच्या पोटात बघताना आपण बाईला सोडून बाकी सगळं बघितलं.

(कायदा नको होता असं मला मुळीच म्हणायचं नाही. तो नसता तर आकडे कुठे गेले असते याची कल्पना करवत नाही.)

मग बाईच्या स्वतःच्या शरीराकडे कुणीच बघितलं नाही का? बघितलं. आणि जगाला माहीत व्हावं असं बघितलं, ते महाराष्ट्रातल्याच खेड्यांत.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. दवाखान्यात आलेल्या बायका नव्हेत, गावातल्या सरसकट बायका. जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचा निष्कर्ष आला. शंभरातल्या ९२ जणींना गर्भाशयाचा किंवा जननमार्गाचा काही ना काही आजार होता. आणि आयुष्यात याआधी कधी अशी तपासणी झालेल्या बायका किती? शंभरात ८. कुटुंबनियोजन म्हणजेच बायकांचं आरोग्य अशी समजूत असलेल्या काळात हा आकडा आला. 'बायकांचं असं चालायचंच' या वाक्याला पहिल्यांदा कुणीतरी मोजून उत्तर दिलं.

इथे माझ्या मोठ्या मामीबद्दल लिहिणं भाग आहे. नात्यातले लोक हे वाचतात, त्यांना ती आठवत असेलच. पहाटे चारला उठून भाकऱ्या थापणारी, हसताना सगळं अंग हलणारी. तिची चार बाळंतपणं झाली, दोन घरी आणि दोन दवाखान्यात. नंतर शिबिरात ऑपरेशन झालं. म्हणजे दवाखान्याचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं असं नाही. पण प्रत्येक वेळी कुणीतरी तिच्याकडे बाळासाठी बघितलं, किंवा बाळ होऊ नये म्हणून बघितलं. पाळी जाऊन तीन वर्षं झाल्यावर तिला पुन्हा अंगावरून जायला लागलं. तिनं ते दीड वर्ष कुणाला सांगितलं नाही. लावणी होती, मग कापणी होती, मग धाकटीचं लग्न होतं. कंबर मोडते म्हणाली तेव्हा एका दवाखान्यात तिला न तपासताच ताकदीच्या गोळ्या दिल्या. मुंबईला आणली तेव्हा गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर तिसऱ्या टप्प्यात होता. 'शेक' दिले, काही महिने बरे गेले, आणि १९९९ च्या पावसाळ्यात ती गेली.

हा कॅन्सर असा आहे, की तो व्हायच्या आधी दहा-दहा वर्षं शरीर खुणा दाखवत असतं. पेशी बदलत असतात, आणि त्याच वेळी पाहिलं तर दवाखान्यात एका दिवसात होणाऱ्या उपचारानं पुढचं टळतं. ही गोष्ट आपल्याला कळली ती जॉर्ज पापानिकोलाऊ या ग्रीक डॉक्टरमुळे. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी योनिमार्गातल्या पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सुरुवात केली. नमुने वर्षानुवर्षं कुणी दिले? त्यांच्या पत्नी आंद्रोमाखी यांनी! १९४१-४३ मध्ये हे काम नीट मांडलं गेलं आणि 'पॅप' तपासणी जगभर गेली. श्रीमंत देशांत या कॅन्सरनं होणारे मृत्यू खूप कमी झाले. पण पॅपला प्रयोगशाळा लागते, पेशी वाचणारा तज्ज्ञ लागतो, आणि निकाल आल्यावर बाईला पुन्हा बोलवावं लागतं. वाडीवरची बाई एक रोज बुडवून एकदा येईल. दुसऱ्यांदा?

हा प्रश्न ज्यांनी मनावर घेतला ते लोक बार्शीचे. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सर रुग्णालय आहे. तिथे १९८७ मध्ये टाटा मेमोरियलच्या मदतीनं कॅन्सर नोंदणी सुरू झाली, ग्रामीण भागातली देशातली पहिली. शहरात रुग्ण दवाखान्यात येतो, तिथे नोंद होते. खेड्यात तो येतच नाही. म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जात, लोकांशी बोलत, 'पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जात असेल तर दाखवा' असं सांगत. बायकांत सगळ्यात जास्त हाच कॅन्सर सापडला. आणि गंमत म्हणजे, नुसत्या या बोलण्यानं लवकरच्या टप्प्यावर येणाऱ्या बायकांचं प्रमाण काही वर्षांत वाढलं. यंत्र नाही, सुई नाही. फक्त कुणीतरी येऊन विचारलं!

या पायावर शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात (२०२३ पासून धाराशिव) मोठा अभ्यास उभा राहिला. सुरुवात ऑक्टोबर १९९९. हो, मामी गेली त्याच वर्षी. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ गट. गटांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी चार भागांत वाटणी केली. एका भागात पॅप. दुसऱ्यात व्हिनेगरची तपासणी, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं, आणि पांढरा डाग उमटतो का ते नुसत्या डोळ्यांनी बघायचं. तिसऱ्यात या कॅन्सरला कारण असणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी. चौथ्या भागात तपासणी नाही, जे नेहमीचं चालू होतं तेच.

एप्रिल २००९ मध्ये निकाल जाहीर झाले. पॅप किंवा व्हिनेगरच्या एकाच फेरीनं मृत्यूंत ठामपणे म्हणावी अशी घट दिसली नाही. पण एचपीव्हीची चाचणी आयुष्यात एकदाच झालेल्या गटात या कॅन्सरनं ३४ बायका दगावल्या आणि तपासणी न झालेल्या गटात ६४. दोन्ही गट साधारण सारख्याच आकाराचे. मृत्यू जवळजवळ निम्मे! आणि ज्यांची एचपीव्ही चाचणी नकारार्थी आली होती, त्यांच्यातली एकही बाई त्या आठ वर्षांत या कॅन्सरनं गेली नाही. जगभरात आज एचपीव्ही चाचणीची शिफारस होते, त्यामागे मराठवाड्यातल्या या बायका आहेत.

व्हिनेगरही वाया गेलं नाही. टाटा मेमोरियलनं १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाखावर बायकांचा वेगळा अभ्यास चालवला. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, दहावीपर्यंत शिकलेल्या बायका होत्या. त्यांना चार आठवड्यांचं प्रशिक्षण दिलेलं. दर दोन वर्षांनी एक, अशा चार फेऱ्या. डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी २०१३ मध्ये शिकागोत निकाल सांगितला, की मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. त्याच बायका घरोघरच्या बायकांची छातीही हातानं तपासत. परदेशात यासाठी मॅमोग्राफी वापरतात, पण आपल्याकडे स्तनाचा कॅन्सर तुलनेनं तरुण वयात होतो, आणि तरुण वयात मॅमोग्राफी तितकी स्पष्ट दिसत नाही. शिवाय ते यंत्र वाडीवर कसं न्यायचं? डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये वीस वर्षांचा हिशेब मांडला. पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले होते. पन्नाशीच्या आत मात्र फरक दिसला नाही. हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

आता थोडं अवघड बोलते. ज्या ६४ बायका गेल्या, त्यांचं काय? शेजारच्या गावात तपासणी चालू होती आणि यांच्या गावात नव्हती, हे बरोबर होतं का? अमेरिकेतल्या एका डॉक्टरांनी यावर जाहीर आक्षेप घेतला, वाद झाला. अभ्यास करणाऱ्यांचं उत्तर असं, की त्या भागात मुळात तपासणी नव्हतीच, म्हणजे आम्ही कुणाकडून काही काढून घेतलं नाही, आणि तुलना केली नसती तर कुठली पद्धत खरी हे कळलं नसतं. मी दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा वाचल्या. मला उत्तर सापडलं नाही. पण एक वाटतं. त्या बायकांच्या मरणातून जे ज्ञान मिळालं, ते वापरणं हे कर्ज आहे. ते फेडलं असतं तर वादाची धार थोडी बोथट झाली असती.

फेडलं का? २०१६ मध्ये केंद्र सरकारनं ३० ते ६५ वयाच्या सगळ्यांची तोंडाच्या, आणि बायकांची स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी दर पाच वर्षांनी तपासणी करायचं ठरवलं. व्हिनेगरची पद्धत घेतली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं, ही तपासणी कधी झाली आहे का? गर्भाशयमुखाची हो म्हणणाऱ्या देशभरात १.९ टक्के. स्तनाची ०.९ टक्के. गडचिरोलीच्या दोन गावांतले ते आठ टक्के आठवतात? प्रश्न वेगळा होता, तपासणीही वेगळी होती, हे मान्य. तरी हे आकडे शेजारी ठेवून बघा.

मोहिमा झाल्या. २०२२ च्या नवरात्रात राज्यात 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित', २०२५ मध्ये 'स्वस्थ नारी, सशक्त परिवार'. चांगल्याच आहेत. (नावं मात्र बघा. बाई निरोगी का हवी, तर घरासाठी, परिवारासाठी!) पण बार्शीनं शिकवलेली गोष्ट मोहिमेत बसत नाही. तिथे तीच ओळखीची बाई वर्षानुवर्षं त्याच दारात जात होती. आमच्याकडे ती बाई म्हणजे आशाताई. तिच्याकडे गरोदर बायकांची यादी आहे, बाळांच्या लसींची यादी आहे, क्षयाच्या गोळ्या आहेत, कसकसले फॉर्म आहेत. तिनं आणखी किती करायचं? आणि तिनं एखादीला तयार केलीच, तरी दवाखान्यात त्या दिवशी शिकलेली सिस्टर हवी, आडोसा हवा, डाग दिसला तर त्याच दिवशी तिथेच उपचार हवा. 'पुढच्या आठवड्यात ठाण्याला या' म्हटलं की ती बाई गेली. भातलावणीत तर नक्कीच.

एक बातमी आशेची आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये एचपीव्हीसाठी बाईनं स्वतःच नमुना घेतला तरी चालतो असं सांगितलं. म्हणजे आडोसा घरचा, हात स्वतःचा. आनंदीबाईंनी ज्या लाजेचा अडसर सांगितला होता, त्यावर हे बरंच मोठं उत्तर होऊ शकेल. चाचणी स्वस्त होऊन वाडीपर्यंत यायला हवी, आणि पुढचा उपचार जवळ हवा, एवढंच. 'एवढंच' म्हणजे खूप आहे, कळतंय मला.

नात्यातल्या बायकांसाठी शेवटी दोन ओळी. तीस वर्षं झालेल्या प्रत्येकीनं, काही त्रास नसला तरी, जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन 'गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करायची आहे' असं स्पष्ट म्हणावं. नाही म्हणाले तर कुठे होते ते विचारावं, आणि पुन्हा जावं. एकटीनं जायला अवघडल्यासारखं होत असेल तर दोघी-तिघी मिळून जा. मामीच्या धाकट्या मुलीला मी गेल्या दिवाळीत हेच सांगितलं. ती म्हणाली, "ताई, भात झोडून झालं की जाते." माघात मी तिला परत फोन करणार आहे.